उड्डाणाच्या दिवसाचं वजन

हंट्सविलच्या आमच्या कचेरीत मला कुणी वर्लीन म्हणत नसे. तोंडावर मिस टटल आणि पाठीमागे ‘तराजू’. काम साधं होतं. चंद्रावर माणसं नेणाऱ्या यानाचा कुठला भाग किती पौंडांचा झाला, ते दर आठवड्याला विचारत फिरायचं. मी दारात दिसले की भल्याभल्यांना अर्जंट फोन आठवत. जेवणघरात मी ताट ठेवलं की टेबल रिकामं होई. माणसाला सवय होते म्हणतात. मला झाली नाही.

एकटे हॉलिस प्रुएट उठून जात नसत. पन्नाशीचे विधुर, बोलणं संथ. छोटं रॉकेट त्यांचं होतं. ते तयार होतं, चारदा उडालंही होतं. सुरुवातीच्या चाचण्यांत त्याच्यावर माणसं बसवायची, असा बेत होता. मोठं रॉकेट अजून कागदावरच होतं. एकोणीसशे बासष्टच्या ऑक्टोबरात प्रुएट अचानक माझ्यासमोर येऊन बसले आणि मग रोज बसू लागले. आपल्या मक्याच्या पावाचा अर्धा तुकडा माझ्या ताटात टाकून म्हणायचे, “हेही लिहून घ्या, मिस टटल.” रविवारी चर्चमध्ये बसून मी सोमवारच्या बारा वाजण्याची वाट बघायचे. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

त्रेसष्टच्या ऑक्टोबरात आमचे साहेब स्ट्राउड म्हणाले, माणसं कुठल्या रॉकेटवर बसवायची ते शुक्रवारी ठरवू, वजन घेऊन या. माझ्याकडे दोन आकडे होते. आजचं वजन छोट्या रॉकेटला पेलत होतं, वर दोनशे पौंड शिल्लक. दुसरा आकडा माझा मी काढलेला. तीन वर्षांच्या वह्यांत एकही भाग हलका झालेला नव्हता. जो तो आधी कमी सांगतो, मग इथे एक पट्टी लावतो, तिथे एक झडप. त्या चालीने उड्डाणाच्या दिवशी वजन छोट्या रॉकेटला पेलेल त्याहून दोन हजार पौंडांनी जास्त भरणार होतं.

गुरुवारी जेवताना मी प्रुएटना सांगून टाकलं. त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला.

“आजचा आकडा खोटा आहे का?”

“नाही.”

“मग तोच द्या की.”

“आणि पुढे जड झालं तर?”

“तेव्हा काढू काहीतरी. नेहमी काढतोच.”

“काय काढणार? रॉकेट पेटलं तर माणसांना ओढून दूर नेतो, तो मनोरा?”

ते म्हणाले, “छोटं रद्द झालं तर माझी सगळी माणसं दुसऱ्या कामावर कॅलिफोर्नियाला जातील. मीसुद्धा.” हे बोलताना ते माझ्याकडे बघत होते. त्या रात्री मी दोन्ही आकडे शंभरदा लिहिले असतील.

शुक्रवारी खोलीत बारा पुरुष आणि सिगारेटचा धूर. मी दुसरा आकडा सांगितला.

“हा तर अंदाज झाला,” कुणीतरी म्हणालं. “बाई घरी केकसुद्धा अंदाजानेच करतात वाटतं!” सगळे हसले.

स्ट्राउड वळले. “हॉलिस, रॉकेट तुझं. खोडून काढ बघू हिचा आकडा.”

मला मनापासून वाटलं, त्यांनी खोडावा. माझी चूक निघाली असती तर मी नाचले असते.

प्रुएटनी फाइलमधून एक कागद काढला. “खोडता येत नाही. माझ्या माणसांनी हेच गणित गेल्या वर्षी केलंय. हिच्यापेक्षा साठ पौंड जास्तच निघालं.”

पुढे पाच मिनिटांत निकाल लागला. दोन वर्षं उशीर झाला तरी चालेल, माणसं मोठ्याच रॉकेटवर बसणार.

मी त्यांना व्हरांड्यात गाठलं. “गेल्या वर्षी कधी?”

“ऑक्टोबरात.”

“म्हणजे तुम्ही माझ्याजवळ येऊन बसलात ते...”

“तुमचं गणित कुठवर आलंय ते कळावं म्हणून,” ते म्हणाले. टोपी हातातच होती. “सुरुवातीला.”

“आणि नंतर?”

“नंतर वाटायला लागलं, तुमचं गणित कधी पुरंच होऊ नये.”

मला म्हणायचं होतं, जाऊ नका. चांगलं तोंडाशी आलं होतं. पण वर्षानुवर्षं लोकांना एकच गोष्ट विचारत आलेली बाई मी. मी विचारलं, “ते साठ पौंड जास्त कुठून आले?”

ते हसले. “तारा, मिस टटल. तारांचं वजन तुम्ही नेहमी कमी धरता.”

जानेवारीत ते कॅलिफोर्नियाला गेले. मी तारा पुन्हा मोजल्या. त्यांचं बरोबर होतं.