पालथं

"मड्याला बी उताणं ठेवत्यात," उशीत तोंड खुपसून मामा पुटपुटले. "मला जित्तेपणीच पालथा घातलाय."

मी शेजारीच लसूण सोलत बसले होते, म्हणून ऐकू आलं. सासऱ्यांना मी मामा म्हणते. उशीत केलेली कुरकुर उशीतच राहते, असा त्यांचा समज.

"डॉक्टरांनीच सांगितलंय ना, मामा? डोळ्यात वायू भरलाय. तोंड खाली असलं की तो पडदा दाबून धरतो."

"डाक्तर सोता उताणाच निजत आसंल."

त्यांचा उजवा डोळा लहानपणीच बाभळीच्या काट्यानं गेलेला. उरला तो डावा. गेल्या महिन्यात नातीच्या वाढदिवसाला ते पनवेलला, माझ्या नणंदेकडे, प्रेरणाकडे गेले होते. सकाळी तोंड पुसून टॉवेल बाजूला केला, तर अंधार तसाच. पडद्याला रक्त नेणारी नाडी तुंबलीय, असं तिथले डॉक्टर म्हणाले. ती मोकळी करायला ऑपरेशन केलं, तर आतल्या आत रक्त सांडलं आणि पडदाच सुटला. मग दुसरं ऑपरेशन, आणि तो वायू. पट्टी काढली तेव्हा प्रेरणानं तोंडासमोर हात हलवला आणि मामा म्हणाले, "बांगड्या कमी वाजव, हात दिसतोय मला." त्या दिवशी पोरगी दवाखान्यात सगळ्यांना पेढे वाटत फिरली.

वायू विरेपर्यंत पालथं राहायचं आणि विमानात बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मामा म्हणाले, "माझं इमान रानात हुबं हाय, त्येला निरोप धाडतो." नर्ससुद्धा हसल्या. पेशंट पनवेललाच राहणार ना, असं डॉक्टरांनी विचारलं, प्रेरणा हो म्हणाली.

पण सोबत गेलेल्या आमच्या आत्या, म्हणजे सासूबाई, लेकीच्या घरी पाणी पितानाही अवघडणाऱ्या. "जावयाच्या दारात किती दीस पालथं पडायचं?" त्यांनी तिसऱ्याच दिवशी धोशा लावला. मामांनाही तेच हवं होतं. माझा नवरा संदेश टुरिस्ट गाडी चालवतो, तो गाडी घेऊन खाली उतरला आणि दोघांना घाटावर, वाकसईला घरी घेऊन आला.

वर येताना, खंडाळ्याच्या अलीकडे, मामा म्हणाले होते, "संदेश, डोळा फुटतोय रं." संदेश रोजचा घाटातला माणूस. घाट चढताना पाहुण्यांचे कान बंद होतात, पोरं रडतात, त्यांच्यासाठी तो गाडीत चिक्की ठेवतो. "कान बसले असतील, आबा. आवंढा गिळा," म्हणत त्यानं एक तुकडा मागं दिला.

दुसऱ्या दिवशी मामांना हात दिसेना. संदेशनं त्यांना तळेगावच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी संदेशला बाहेर बोलावून सांगितलं, की उंचावर गेलं की वायू फुगतो. विमान काय आणि घाट काय, त्याला सारखंच. डोळ्यात दाब वाढला, नाडी पुन्हा बंद झाली, आता उपाय नाही. संदेशनं ते मला एकटीलाच सांगितलं. तेव्हापासून त्यानं घाटाखालचं भाडं घेतलेलं नाही. इकडं कार्ल्याची, तिकडं भुशी धरणाची, एवढीच भाडी. का, ते आत्या विचारत नाहीत. प्रेरणा रोज फोन करते, मामांनी काय खाल्लं विचारते, दिसतंय का हे कधी नाही. आणि मामांना आम्ही सगळे सांगतो, वायू विरला की दिसेल.

आज संध्याकाळी संदेश आला, हातपाय धुऊन मामांच्या डोळ्यात थेंब घालायला बसला.

"थोडे दिवस राहिले, आबा. वायू विरला की..."

मामा उठले. भिंत चाचपत टेकून नीट बसले.

"आवं, पालथं व्हा," आत्या म्हणाल्या.

"झालो तेवढा बास." त्यांनी हात पुढं करून संदेशचा गुडघा शोधला. "दुपारी जेवाया आल्तास, तवा पनवेलचं भाडं आल्तं ना? फोनवर न्हाई म्हनलास. आयकलं मी."

"टायर गुळगुळीत झालेत, आबा."

"टायर झाक हायेत. उद्या जा. येताना पोरीला घिऊन ये, ती बी तितं झुरत आसंल."

थेंबाची बाटली संदेशच्या हातात तशीच राहिली. आत्यांनी पदर तोंडाला लावला.

"डोळा घाटात गेला, संदेश," मामा म्हणाले. "तुजी चिक्की तोंडात व्हती, तवाच मला कळलं व्हतं."