ठोका नसलेली टिकटिक

घड्याळजींच्या घरात त्या दिवसांत दोन गोष्टी रोज वाढत होत्या. एक बायकोचा खोकला आणि दुसरे साडूंचे मेसेज.

खोकल्याला तीन महिने झाले होते. आधी हवा बदलली म्हणून, मग धूळ फार म्हणून, मग 'तू गार पाणी पितेस ना' म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष झालं. एका सकाळी रुमालावर रक्ताचा बारीक धागा दिसला, तेव्हा मात्र दोघं मुकाट्याने डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे काढला, उजेडासमोर धरला आणि उजव्या फुप्फुसातल्या लिंबाच्या बीएवढ्या डागावर पेनाचं टोक टेकवलं.

"हे नेमकं काय आहे ते यावरून कळणार नाही. सीटी स्कॅन करून घ्या. याच आठवड्यात," ते म्हणाले.

आता साडूंविषयी. प्रत्येक कुटुंबात एक माणूस असा असतो, ज्याला बातमी सगळ्यांच्या आधी कळते आणि समजत मात्र कधीच नाही. तुमच्या घरात असं कोणी नसेल, तर तो आपणच नाही ना, एवढं जरूर तपासून घ्या. साडूंनी त्याच संध्याकाळी कळवलं, की एक सीटी स्कॅन म्हणजे शेकडो एक्स-रे. दुसऱ्या दिवशी कळवलं, की डॉक्टर लोक स्वतःच्या बायकोचा स्कॅन कधीच करत नाहीत. तिसऱ्या दिवशी नुसतंच एका कवटीचं चित्र आलं आणि खाली 'दहा जणांना पाठवा'.

घड्याळजी काही भोळे नव्हते. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून बसलेला माणूस. केसाहून बारीक स्प्रिंग चिमट्याने उचलणारे, 'पाण्यात पडलंच नाही हो' म्हणून शपथा घेणाऱ्या गिऱ्हाइकाला आतला गंज दाखवून गप्प करणारे. पण त्यांचा विश्वास दिसणाऱ्या वस्तूंवर होता. ज्याला रंग नाही, वास नाही, आवाज नाही, असं काहीतरी आपल्या बायकोच्या अंगातून आरपार जाणार, या विचाराने त्यांचा चिमटा हातातच थांबायचा. त्यांनी स्कॅनची तारीख एकदा दुकानातल्या कामासाठी पुढे ढकलली, एकदा पाहुणे येणार म्हणून ढकलली आणि तिसऱ्यांदा कारण न देताच ढकलली. असे सहा आठवडे गेले.

शेवटी बायकोनेच विषय काढला.

"अहो, तुमच्याकडे बंद पडलेलं घड्याळ आलं की तुम्ही आधी काय करता?"

"झाकण उघडतो."

"लगेच? तेलबिल काही न घालता?"

"आत बघितल्याशिवाय काय बिघडलंय ते कसं कळणार?" घड्याळजी म्हणाले. धंद्यातलं कोणी विचारलं की ते खुलायचे.

"मग मलाच तेवढं न बघता दुरुस्त करणार का?"

घड्याळजी उगाच भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देऊ लागले. बायको खोकून शांत झाली आणि म्हणाली, "मी फोन केलाय. उद्या दहाची वेळ मिळालीय. मी जाणार. तुम्ही आलात तर बरं वाटेल."

दुसऱ्या दिवशी 'दुकान उघडून येतो' असं सांगून घड्याळजी साडेआठलाच घराबाहेर पडले आणि दुकानात न जाता थेट स्कॅन सेंटरवर पोहोचले. त्यांना ती वेळ रद्द करायची होती. बायको दहाला आली की 'मशीन बंद आहे' असं तिला सांगायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. चांगली माणसं भीतीपोटी किती सहज खोटं बोलतात, हे आपण आपल्याच घरात पाहतो, म्हणून त्यांना फार नावं ठेवायला नकोत.

सेंटरच्या बोळात एक बाई हातात लहानसा पिवळा डबा घेऊन भिंतीलगत पावलापावलाने चालल्या होत्या. अंगात करडा कोट, छातीवर एक चपटा बिल्ला, केस पिकलेले. सेंटरमधले सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणायचे. तीस वर्षं त्या स्कॅनची मशीनं चालवत होत्या. भिंतीपलीकडे कोणाचा तरी स्कॅन चालू होता आणि दारावर लाल दिवा लागलेला होता.

"आजची दहाची वेळ रद्द करायचीय. बायकोची," घड्याळजी म्हणाले आणि डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली.

बाईंनी चिठ्ठी वाचली. "कारण काय लिहू?"

"किरणं," घड्याळजी ठामपणे म्हणाले. आता भांडण होणार, या तयारीने ते उभे होते.

"खरंय. किरणं असतात," बाई म्हणाल्या.

भांडायला आलेल्या माणसाला समोरच्याने 'खरंय' म्हटलं की त्याची फार पंचाईत होते.

"काल एक गृहस्थ आले होते. चांगले धडधाकट," बाई सांगू लागल्या. "म्हणे डोक्यापासून पायापर्यंत स्कॅन काढा, मनाला समाधान वाटेल. डॉक्टरांची चिठ्ठी नाही, दुखणं नाही. मी हात जोडले आणि परत पाठवलं. समाधानासाठी किरणं द्यायची नसतात. पण तुमच्या चिठ्ठीत फुप्फुसातला डाग लिहिलाय. इथे गोष्ट वेगळी आहे."

घड्याळजींचं लक्ष मात्र त्या पिवळ्या डब्याकडे लागलं होतं. त्यातून आवाज येत होता. टिक. टिकटिक. मग बराच वेळ काहीच नाही. मग टिक. घड्याळ कानाला लावून ते दिवसाला किती मिनिटं मागे पडतं हे सांगणारा तो कान होता. त्याला हा आवाज सहन होईना.

"हे बिघडलंय. ठोका नाही याला," ते म्हणाले.

बाई पहिल्यांदाच हसल्या. "याला ठोका नसतोच. किरणं मोजायचं यंत्र आहे हे. भिंतीतून बाहेर काही येतंय का ते तपासतेय. पुढची टिक कधी होईल, ते जगात कोणालाच सांगता येत नाही."

"म्हणजे बाहेर येतंय ना!"

"चला माझ्याबरोबर."

त्यांनी घड्याळजींना मागच्या दाराने अंगणात नेलं. मशीनपासून चांगली पन्नास-साठ पावलं लांब. ऊन पडलं होतं, दोरीवर चादरी वाळत होत्या, बाकी काही नव्हतं. बाईंनी डबा उंच धरला. टिक. टिकटिक. टिक. बोळात होता तेवढाच आवाज. मग त्या वाकल्या आणि डबा पायरीच्या दगडाला टेकवला. आवाज जरासा वाढला.

"इथे कुठलं मशीन आहे?" घड्याळजींनी हळूच विचारलं.

"कुठलंच नाही. जमिनीतून येतात, दगडातून येतात, वरून आकाशातून येतात. तुमच्या-माझ्या हाडांतूनही थोडी येतात. पृथ्वीवर माणूस नव्हता तेव्हाही ही टिकटिक चालूच होती. ऐकायला कोणी नव्हतं, एवढंच."

घड्याळजींनी पायाखाली पाहिलं, मग वर पाहिलं. ज्या उन्हात ते रोज उभे राहायचे तेच ऊन, तीच जमीन. आपण जन्मल्यापासून या न दिसणाऱ्या पावसात चालतो आहोत आणि आपल्याला त्याचा पत्ता नाही, या विचाराने त्यांच्या अंगावर काटा आला. भीती होतीच, पण आता तिच्यात नवल मिसळलं होतं. आवाज नीट ऐकावा म्हणून ते डब्याजवळ वाकले.

आणि डबा कडाडला! टिकटिक कसली, तव्यावर मोहरी तडतडावी तसा एकसारखा आवाज सुरू झाला. घड्याळजी मागे सरले, आवाज उतरला. पुढे झाले, पुन्हा तडतड.

बाईंचा चेहरा बदलला. "खिशात काय आहे तुमच्या?"

घड्याळजींनी आतल्या खिशातून एक जुनं घड्याळ काढलं. तबकडी पिवळट पडलेली, काटे आणि आकडे जाड, तपकिरी रंगाचे. "अस्सल रेडियमचं आहे," ते सवयीने अभिमानाने म्हणाले. "ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांनी तीस वर्षांपूर्वी दिलं होतं. अंधारात अजूनही जरा चमकतं."

"ठेवता कुठे हे?"

"दिवसा खिशात. झोपताना उशाशी, आमच्या दोघांच्या मध्ये."

"उघडता?"

"दर वर्षी. साफ करायला."

"कसं साफ करता?"

घड्याळजींनी ओठांचा चंबू करून फुंकर मारून दाखवली. मग ते थांबले. "तरुणपणी अशा तबकड्या खरवडून नवा रंग द्यायचो," ते सावकाश म्हणाले. "शंभरेक केल्या असतील. भुकटी अशीच... फुंकून उडवायची."

वाचकहो, आपलं सगळ्यांचं असंच असतं. दारासमोरच्या पाहुण्याला आपण चोर समजतो आणि उशाशी काय ठेवलं आहे ते बघत नाही. बायकोला काही सेकंद किरणं लागू नयेत म्हणून सहा आठवडे घालवणाऱ्या माणसाने तिच्या उशाशी तीस वर्षं किरणं सोडणारं रेडियम ठेवलं होतं!

"म्हणजे तिचा तो डाग..." घड्याळजींनी हातातलं घड्याळ लांब धरलं. "माझ्यामुळे?"

"तसं मी म्हणणार नाही. झाकण बंद असतं तेव्हा बरंचसं आतच अडतं. खरा धोका ती भुकटी श्वासातून आत जाण्याचा, आणि तो तुम्हाला जास्त. तुमच्या डॉक्टरांना हे सगळं सांगा, काही लपवू नका. पण तुमच्या बायकोच्या छातीत काय आहे, ते इथे अंगणात उभं राहून नाही कळणार."

"आज तिला किती किरणं लागतील? खरं सांगा."

"हे आकाश आणि ही जमीन दोन-तीन वर्षांत आपल्याला देतात, साधारण तेवढी."

"आणि धोका?"

"अगदी थोडा. शून्य म्हटलं तर ते खोटं होईल. पण न बघण्याचाही धोका असतो, आणि तो मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही."

बाईंनी ते घड्याळ पिशवीत बंद करून शिशाच्या पेटीत ठेवलं. दुकानात अशी आणखी सतरा असल्याचं घड्याळजींनी सांगितलं. ती उघडायची नाहीत, फुंकर तर मुळीच मारायची नाही, ज्यांचं हे काम आहे ते येऊन घेऊन जातील, असं त्यांनी बजावलं. चिठ्ठी अजून त्यांच्या हातातच होती. "रद्द करायची?" त्यांनी विचारलं. घड्याळजींनी मान हलवली, नाही.

बरोबर दहाला बायको आली. बाकावर बसलेल्या नवऱ्याला पाहून म्हणाली, "दुकान इकडे हलवलं वाटतं?"

त्यांनी तिची पिशवी स्वतःकडे घेतली आणि लाल दिव्याच्या दारापर्यंत तिच्याबरोबर चालत गेले.

श्वास घ्या, रोखा, सोडा. एवढ्यात संपलं. मग बाईंनी त्यांना काचेमागच्या खोलीत बोलावलं आणि पडद्यावर एकामागून एक चित्रं सरकवली. बरगड्यांची कमान आली, श्वासनलिका आली, तिच्या फांद्या, फांद्यांच्या डहाळ्या, आणि मग मधोमध, जरा डावीकडे, हृदय.

घड्याळजी पडद्याच्या इतके जवळ गेले, की काचेवर वाफ धरली. चाळीस वर्षं त्यांनी झाकण उघडल्याशिवाय कशाच्याही आत पाहिलं नव्हतं. इथे झाकण बंद होतं, एक ओरखडा नव्हता, आणि आतला प्रत्येक भाग दिसत होता.

"हे चालू असताना काढलंय?" त्यांनी विचारलं.

"चालू असतानाच."

"छप्पन्न वर्षं," ते बायकोचं वय मोजत पुटपुटले. "एकदाही तेल नाही, सफाई नाही, एक ठोका थांबणं नाही." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ज्या यंत्राला ते सहा आठवडे शिव्या देत होते, त्याच्यासमोर ते देवळात उभं राहावं तसे उभे होते.

डाग गाठीचा निघाला. गाठ वाईट होती, पण लहान होती आणि कुठे पसरलेली नव्हती. फुप्फुसाचा एक तुकडा काढावा लागला. "सहा आठवडे आधी आलो असतो तर?" घड्याळजींनी डॉक्टरांना विचारलं. "तेव्हाही एवढंच काढावं लागलं असतं, बहुतेक," डॉक्टर म्हणाले. त्या 'बहुतेक'ने घड्याळजींची झोप उडाली ती उडालीच.

बायको घरी येऊन उठूबसू लागली, तेव्हा एका दुपारी त्यांनी तिला सगळं सांगितलं. आपण त्या दिवशी वेळ रद्द करायला गेलो होतो ते, आणि उशाशी तीस वर्षं काय होतं तेही.

"पहिलं मला माहीत होतं," ती म्हणाली. "दुकानाची किल्ली तुम्ही खुंटीवरच विसरून गेला होतात."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बाकावर बसलेले दिसलात, म्हणून." ती थोडा वेळ श्वास सावरत राहिली. "घड्याळाचं तुम्हाला ठाऊकच नव्हतं, त्याचा राग नाही. घाबरलात, त्याचाही नाही. राग याचा आहे, की ज्याला कळतं त्याला विचारलं नाहीत आणि ज्याला काही कळत नाही त्याचं ऐकत बसलात. आणि छाती माझी होती. मला तरी विचारायचं."

घड्याळजींनी मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच्या छातीची तपासणी करून घ्यायला आपणहून गेले आणि आत जाण्याआधी त्यांनी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला, "याची मला गरज का आहे?" डॉक्टरांनी पाच मिनिटं बसून नीट समजावलं. विचारलं की बहुतेक डॉक्टर समजावतात. आपण विचारत नाही.

मंडळी, किरणांची भीती वाटणं यात लाज नाही. विनाकारण तपासण्या करून घेणाऱ्याला ती थोडी वाटायलाच हवी. पण भीती वाटली, तर ती घेऊन जाणत्या माणसासमोर उभं राहावं आणि तोंड उघडून विचारावं. गरज नसेल तर हट्ट धरू नये. गरज असेल तर एक दिवसही घालवू नये, कारण घालवलेल्या दिवसांत आत काय झालं, हे नंतर कुठल्याच स्कॅनमध्ये दिसत नाही.