काल्याच्या सकाळी मी रुसलो नव्हतो

मित्रांनो, आण्याच्या पठारावर एका पत्र्याच्या शेडमध्ये एक म्हातारा ट्रॅक्टर उभा आहे. त्याच्या इंजिनाच्या कुशीला जे लोखंडी नळकांडं दिसतं ना, तो मी, डायनामो. इंजिन चाललं की पट्ट्यावर मी फिरतो, वीज करतो आणि बॅटरीचं पोट भरतो.

एक्क्याण्णव साली गेणभाऊंनी हा ट्रॅक्टर जुनाच विकत आणला. त्यांच्या घरधनिणीने, लंकाबाईंनी चाकांवर पाणी घातलं आणि वाकून माझ्याकडे बघितलं. "अवो, ह्यो पखवाज कशापायी बांधलाय इंजिनाला?"

सगळे हसले. मला मात्र ते नाव फार आवडलं.

बाजरीची रानं नांगरली, कांद्याच्या ट्रॉल्या आळेफाट्याला ओढल्या. पण माझं खरं भाग्य म्हणजे गावचा हरिनाम सप्ताह. लाईटचा भरवसा नसायचा. मग देवळामागे चिंचेखाली ट्रॅक्टर उभा राही, त्याच्या बॅटरीवर कर्णा चाले आणि ती बॅटरी मी भरत राही. गेणभाऊ सीटवर बसून समोरच्या विजेच्या काट्यावर नजर ठेवत. काटा अधिककडे असला की मी भरतोय, उणेकडे गेला की बॅटरी नुसती रिकामी होतेय. टाळमृदंगाच्या त्या गजरात आपलाही वाटा आहे, या विचाराने माझं तांबं सुखावून जाई.

दोन हजार सहा साली काल्याच्या आदल्या दिवशी गेणभाऊंनी ट्रॅक्टर लालभडक रंगवला. माझी वीज बॅटरीकडे सोडणारी एक डबी असते, कटआऊट म्हणतात तिला. तीसुद्धा सोडवून त्यांनी मागून रंगाचे दोन हात दिले आणि पुन्हा बसवली. "देवाच्या दारात जायाचं," ते म्हणाले, "झाकली जागा बी साजरी पायजे."

काल्याच्या सकाळी नऊला लाईट गेली. इंजिन सुरू झालं, मी जीव तोडून फिरलो. पण काटा उणेकडेच! तासाभरात कर्ण्याचा आवाज घोगरा झाला. सावळेराम महाराज कीर्तनाला उभे राहायचे होते आणि मंडप माणसांनी फुलला होता.

सप्ताहाचे कारभारी बाळासाहेब धावत आले. "गेणभाऊ, लई वर्सं केलंत राव. पुढल्या सालापासून आमी जनरेटरच सांगतो."

गेणभाऊंचा चेहरा उतरला. ही सेवाच हातून गेली, तर सप्ताहात त्यांचं म्हणून काय उरणार होतं?

आळ्याहून कीर्तनाला आलेल्या सुदर्शन मिस्तरीने मला नुसतं ठोकून पाहिलं. "डायनामो गेला, भाऊ. भंगारात टाका."

गेणभाऊंनी माझ्यावर हात ठेवला. "आधी तपास, बाबा. मंग टाकू."

मिस्तरीने माझ्या तारा सोडून बल्ब जोडला. लख्ख पेटला! "आयला, ह्यो तर जित्ता हाय!" पट्टा ताठ होता, ताराही ठीक होत्या. मिस्तरी डोकं खाजवत बसला.

चहा घेऊन आलेल्या लंकाबाईंनी कटआऊटच्या डबीच्या कडेला नख लावलं. नखाखाली लाल पोपडा आला. "हितं मागनं बी रंग? तिथं कोन बघाय येनार व्हतं?"

मिस्तरी ताडकन उठला. "भाऊ, विजेला परतायची वाट ट्रॅक्टरच्या लोखंडातनंच असती. तुमी रंगानं तीच आडवली की!"

गेणभाऊंनी स्वतः चाकूने डबीमागचा रंग खरवडला. लोखंड लोखंडाला टेकलं. काटा थरथरला आणि अधिककडे गेला. मंडपात महाराजांचा आवाज मोकळा झाला आणि चिंचेखाली गेणभाऊंचे डोळे भरून आले.

कीर्तनानंतर बाळासाहेब दहीलाह्यांचा काला घेऊन आले. "पुढल्या साली ट्रॅक्टर आदल्या दिशीच आणून लावा," एवढंच म्हणाले.

मित्रांनो, आम्हाला जरूर सजवा. पण आमचं काम कशावर चालतं, ते आधी नीट समजून घ्या आणि तेवढी जागा जपा. आता देवळात इन्व्हर्टर आला आहे. सप्ताहाला मला कोणी बोलावत नाही. तरी दर एकादशीला गेणभाऊ शेडमध्ये येतात, डबीमागचं बोटभर लोखंड घासून लख्ख करतात, आणि घासता घासता हळू आवाजात नाम घेतात. मला ऐकू येईल, एवढ्याच आवाजात.