पडद्याचा मधला भाग

शेवटचं चित्र भिंतीवर सरळ करून ती शिडीवरून उतरली, तर आई त्या चित्राला जवळजवळ नाक लावून उभी होती.

"हे काळं काय आहे गं?" आईने बोट टेकवून विचारलं.

"हात लावू नकोस. तुझ्या डोळ्यांपुढचा डाग आहे तो."

"माझ्या?" आई दोन पावलं मागे सरकली. "मला कुठं काळं दिसतं?"

समोरच्या भिंतीवर नकाशे लावत असलेल्या डॉक्टरांचा हात थांबला.

डॉक्टर विद्यापीठात दृष्टीवर संशोधन करत. त्यांच्या आणि समुद्रापलीकडच्या एका विद्यापीठाने मिळून योजना काढली होती: एक शास्त्रज्ञ, एक चित्रकार, वर्षभर एकत्र काम, खर्च दोन्ही विद्यापीठांचा. डॉक्टरांनी तिच्या आईच्या डोळ्यांच्या पडद्याचे नकाशे काढले; मधला भाग कुठवर निकामी झालाय, ते दाखवणारे. त्यांवरून तिने चित्रं रंगवली. आईला दिसणारं घर, आईला दिसणारा रस्ता आणि हे सगळ्यांत मोठं, आईला दिसणारी मुलगी. स्वयंपाकघराच्या दारात उभी. खांदे, केस, हातातला कप जिथल्या तिथे आणि चेहऱ्याच्या जागी काळंभोर भगदाड. योजना पुढे चालवायची की गुंडाळायची, हे पलीकडचे पाहुणे आज चित्रं बघून ठरवणार होते. ते खालच्या मजल्यावर चहा घेत होते.

"मावशी," डॉक्टर जवळ येत म्हणाले, "पडद्याचा तो भाग मेलाय. तिथून मेंदूकडे काहीच जात नाही. म्हणून काळं."

"मेला असेल. पण काळा नाहीये."

"तुमच्या लक्षात येत नसेल."

"डोळे माझे आहेत हो, डॉक्टर."

डॉक्टर कसंनुसं हसले. "बरं, आपण नंतर बोलू. पाहुणे येतीलच एवढ्यात."

वर्षभर तिने आईला यंत्रासमोर बसवलं होतं. हनुवटी टेकव, हलू नकोस, पापणी मिटू नकोस. पण तुला दिसतं काय, हे एकदाही विचारलं नव्हतं. आधी विचारायची छाती झाली नाही आणि मग नकाशे हाती आले, तेव्हा विचारायचं कारणच उरलं नाही.

"आई, मग काय दिसतं तुला?"

"आत्ता विचारतेस होय?" आईने तिला दंडाला धरून मोकळ्या भिंतीपाशी उभं केलं आणि थेट तिच्याकडे पाहिलं. "आता तू नाहीस."

"म्हणजे?"

"म्हणजे भिंत आहे. तुझ्या मागची भिंत सरकत पुढे येते आणि तुझं तोंड झाकून टाकते. अगदी बेमालूम. भोक नाही, डाग नाही, काही म्हणजे काही नाही." मग आईने नजर तिच्या कानाकडे वळवली. "आता दिसतेस. कडेकडेने. डोळ्यांत पाणी आणू नकोस, पाहुणे यायचेत."

नवऱ्याचं घर सोडून ती परत आली, तेव्हापासून आई तिच्याशी बोलताना अशीच कानाकडे बघायची. आईने आपल्याला मनातून माफ केलेलं नाही, अशी तिने समजूत करून घेतली होती. त्या समजुतीपायी दोघींची कितीतरी जेवणं एका शब्दाशिवाय उरकली होती.

जिन्यावर पावलं वाजली. ती खाली वाकली आणि डागडुजीसाठी आणलेला रंगांचा डबा तिने ओढला. डॉक्टरांनी झाकणावर हात ठेवला.

"काय करताय?" ते दबक्या आवाजात म्हणाले.

"चित्र चुकलंय."

"माझे नकाशे चुकलेले नाहीत."

"नसतील. चित्र चुकलंय."

"आज नको. हे काळं कुणालाही पटकन कळतं. पुढच्या वर्षी दुरुस्त करू."

"आणि पुढचं वर्ष या चित्रावर मिळवायचं?"

"माझ्याकडे तीन विद्यार्थिनी आहेत." डॉक्टरांनी झाकण दाबून धरलं. "योजना बंद पडली, तर त्यांचं काम अर्ध्यावर राहील. त्यांना काय सांगू?"

तिने त्यांच्या हाताखालून डबा ओढून घेतला.

पाहुणे आत आले, तेव्हा ती सगळ्यांकडे पाठ करून रंगवत होती. डॉक्टरांनी स्वागताची दोन वाक्यं म्हटली. तिसरं त्यांना सुचेना. दालनात कुंचल्याची खसखस तेवढी ऐकू येऊ लागली. घरातल्या भिंतीचा फिकट हिरवा रंग तिने काळ्यावर चढवला. खालचं काळं वर डोकावत राहिलं. तिने रंगाचा दुसरा हात दिला. हळूहळू भिंत केसांपर्यंत आली, कानांना भिडली आणि मधला चेहरा कधी नव्हताच, असं चित्र झालं.

पाहुण्यांमधली पिकल्या केसांची बाई पुढे झाली. तीच त्यांची प्रमुख.

"यात काय दाखवलंय?" तिने डॉक्टरांना विचारलं.

डॉक्टरांनी तोंड उघडलं. या प्रश्नाचं उत्तर त्यांनी आजवर किती व्याख्यानांत दिलं असेल. त्यांनी एकदा समोरच्या नकाशांकडे पाहिलं, मग कुंचला घेऊन उभ्या असलेल्या तिच्याकडे. तिने मान खाली घातली. बोटांवरचा हिरवा रंग ती अंगठ्याने खरवडत राहिली. डॉक्टर आईजवळ गेले आणि जरासे वाकले.

"मावशी, बरोबर आहे का हे?"

आईने मान एकीकडे कलती करून चित्र पाहिलं, मग दुसरीकडे कलती करून पाहिलं. पाहुणे ताटकळले होते. कुणीतरी खाकरलं.

"भिंत जरा जास्तच उजळ झालीय," आई म्हणाली. "आमची इतकी स्वच्छ कधीच नव्हती. बाकी बरोबर."