एवढ्याशा रबरापायी

मित्रांनो, शिडाच्या होडीला इंजिन कशाला हवं, असं तुम्हाला वाटेल. वारा पडतो आणि होडी खडकांकडे सरकू लागते, तेव्हा त्याचं उत्तर मिळतं. मी असंच एक जुनं इंजिन आहे. एकाच सिलिंडरचं, डिझेलवर चालणारं, होडीच्या पोटात लाकडी खोक्यात बसवलेलं.

होडी दोन सख्ख्या भावांची. थोरला सुतार, धाकटा फिटर. लाकूडकाम थोरल्याचं आणि मी धाकट्याचा, अशी त्यांची वाटणी. मला बसवलं त्या दिवशी हँडलच्या दुसऱ्याच फेरीला मी धडधडू लागलो. धाकट्याने तेलकट हातांनीच भावाला मिठी मारली.

"अरे, सदऱ्याची वाट लावलीस! घरी काय सांगू?" थोरला ओरडला.

"सांग वहिनीला, मला तिसरा पुतण्या झाला!"

बावीस वर्षं मी इमानेइतबारे राबलो. एकदा भर वादळात शीड फाटलं, तेव्हा मीच दोघांना धक्क्याला आणून लावलं. धाकटा माझ्या तापल्या अंगावर थोपटत म्हणाला होता, "शाबास रे पठ्ठ्या." ते दोन शब्द मला पुढे कितीतरी वर्षं पुरले.

मला थंड ठेवायला समुद्राचं पाणी एका नळीतून येत असे. होडी बांधून घरी निघताना त्या नळीची झडप बंद करायची, हा नियम. एका संध्याकाळी गप्पांच्या नादात धाकट्याने ती बंद केली आणि आपण ती बंद केली, हेही तो विसरून गेला. पंधरा दिवसांनी दोघे आले, तर मी खाऱ्या पाण्याने गच्च भरलेला. थोरल्याने घाबरून आधी झडप आवळली. त्यामुळे ती मुळात उघडी होती की बंद, हे कळायला मार्गच उरला नाही.

"झडपेचं काम तुझं होतं," थोरला म्हणाला.

"शेवटी उतरलास तू, दादा."

"म्हणजे मी खोटं बोलतोय?"

शब्दाला शब्द लागला. मागच्या दहा गोष्टी निघाल्या. त्याच दिवशी पाणी काढून माझ्यात तेल ओतलं असतं, तर मी वाचलो असतो. पण दोघे भांडत होडीतून उतरले, ते पुन्हा एकत्र चढलेच नाहीत. पिस्टन गंजून सिलिंडरला चिकटला. नऊ वर्षं मी अंधारात तसाच पडून राहिलो. थोरला अधूनमधून एकटाच येई, होडीतलं पाणी उपसून जाई. माझ्या खोक्याचं झाकण मात्र त्याने कधी उघडलं नाही.

मग एके सकाळी झाकण उघडलं. समोर धाकटा होता, पार पिकलेला. मागे वहिनी उभ्या होत्या. थोरल्याला जाऊन तीन महिने झाले होते.

"होडी अशी कुजू द्यायची नाही, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "एवढं इंजिन सोडवून द्या."

धाकटा रोज येऊ लागला. डिझेल फवारणारी नोझल काढून त्याने आत डिझेल आणि पातळ तेल ओतलं आणि वाट पाहिली. रोज पाना लावून तो थोडा जोर देई. मी हलत नसे. जास्त जोर केला तर काहीतरी मोडेल, हे त्याला ठाऊक होतं. शेवटी त्याने सिलिंडरचं वरचं झाकण, म्हणजे हेड, उतरवलं, थोरल्याच्या हत्यारपेटीतला एक सागाचा ठोकळा पिस्टनवर ठेवला आणि हलक्या हाताने ठोकू लागला. सतराव्या दिवशी मी केसभर सरकलो.

"हलला! दा—" तो ओरडला आणि अर्ध्यातच थांबला. मग कितीतरी वेळ तो हातोडी मांडीवर घेऊन बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याने झडप खोलली. आतलं नखाएवढं रबर कुजून गेलं होतं. झडप घट्ट आवळली तरी पाणी आत झिरपणारच. त्याने ते तळहातावर घेऊन वहिनींना दाखवलं.

"वहिनी, हे बघा. चूक कुणाचीच नव्हती."

वहिनींनी ते रबर उचलून निरखलं. मग म्हणाल्या, "ते शेवटी शेवटी म्हणायचे, मीच उघडी ठेवली असेन. उगाच धाकट्याला बोललो."

"मग मला एकदा हाक का मारली नाही?"

"तुम्ही तरी कुठे आलात?"

धाकटा झडप पुसू लागला.

आठवडाभराने नवं रबर, नवी गॅस्केट बसली. हँडल फिरलं. मी खोकलो, काळा धूर ओकलो आणि सुरू झालो. कुणीच हसलं नाही. बऱ्याच वेळाने वहिनी म्हणाल्या, "बंद करा आता. डिझेल जळतंय."

"थोडा वेळ असू दे, वहिनी," धाकटा म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखं एखादं यंत्र असेल, तर महिन्यातून एकदा ते हाताने फिरवा, त्याचं रबर बदला. पाणी शिरलंच, तर भांडण उद्यावर टाका आणि आधी पाणी काढा. आणि घरात कुणाशी अबोला असेल, तर आजच जाऊन बोला. झडप बंदच होती, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण मला तोंड नव्हतं, मित्रांनो. त्या दोघांना होतं.