खांद्याची शिवण

पुढच्या गृहस्थांच्या कॉलरकडे निघालेला हात शिंपीणबाईंनी मधेच मागे घेतला. मागून दुमडलेली कॉलर डोळ्यांसमोर असताना गप्प राहायचं म्हणजे शिक्षाच, पण लेकीनं सकाळीच बजावलं होतं, "आई, यायचं तर ये. तोंड उघडायचं नाही आणि कुणाच्या कपड्यांना हात लावायचा नाही."

संग्रहालयात गाइड म्हणून लेकीची ही चाचणीची फेरी होती. बारा पाहुणे, युरोपीय चित्रांचं दालन आणि कडेला वही घेऊन उभ्या असलेल्या प्रमुखबाई. आज जमलं तर नोकरी पक्की, नाहीतर पुन्हा घरी बसून अर्ज लिहिणं आलंच. पहिली चार चित्रं पोरीनं झोकात पार पाडली. मागे शिंपीणबाईंची मान आपसूक ताठ झाली.

पाचव्या चित्रात काळा कोट घातलेला एक माणूस बसला होता.

"हा एक धनाढ्य व्यापारी," लेकीनं पाटीवरचं सांगितलं.

"धनाढ्य कशावरून?" कॉलरवाल्यांनी विचारलं.

लेक अडखळली. तिनं टिपणांचा कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला. प्रमुखबाईंचं पेन वहीवर टेकलं. शिंपीणबाईंना तो कोट दालनात शिरतानाच खटकला होता. उत्तर जिभेवर होतं, ते त्यांनी ओठ मिटून गिळलं.

लेकीनं कागद खिशात टाकला. दोन पावलं मागे सरून तिनं मान कलती केली, एक डोळा बारीक करून कोट न्याहाळला. गिऱ्हाइकाची ट्रायल घेताना शिंपीणबाई अगदी अश्शाच उभ्या राहत.

"पाटीवर तसं लिहिलंय," ती सावकाश म्हणाली, "पण मला नाही वाटत. खांद्याची शिवण बघा, दोन बोटं खाली उतरलीय. बाही पार बोटांवर आलीय. कापड भारी आहे, पण माप याचं नाही. चित्रापुरता उसना आणलेला असणार."

सगळ्यांच्या माना पुढे झाल्या.

"खरंच की," कुणीतरी म्हणालं.

"हे कुठल्या पुस्तकात वाचलंत?" प्रमुखबाईंनी विचारलं.

"पुस्तकात नाही. आईच्या मशीनपाशी बसून शिकले. ती काय, मागे उभी आहे."

बाराही जण वळले. शिंपीणबाईंनी पदर सारखा केला. आपली शिलाई अशा उंच छताखाली कुणी अभिमानानं सांगेल, हे कधी त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

प्रमुखबाई वही मिटून जवळ आल्या. लेकीच्या अंगातल्या निळ्या कोटाकडे त्या बघत राहिल्या. खांद्याची शिवण जिथल्या तिथे होती.

"हा कोट?"

"मी शिवलाय," शिंपीणबाई म्हणाल्या. "तिच्याच मापाचा आहे."

"मग उद्यापासून हाच घालून येऊ दे तिला."

शिंपीणबाईंनी मान डोलावली. मग पुढे होऊन त्या गृहस्थांची कॉलर एकदाची सरळ केली. लेकीनं ते पाहिलं आणि हसून ती पुढच्या चित्राकडे वळली.