जीवशास्त्र, भाग दोन

शाळेतून फोन आला तेव्हा आई क्रेनच्या केबिनमध्ये, नदीच्या बरोब्बर वर बसलेली होती. फोन विषयनिवड बघणाऱ्या बाईंचा होता. मुलीबद्दल जरा बोलायचंय, आज जमेल का, असं त्यांनी विचारलं, आणि आईने क्रेन तिथेच थांबवली. शाळेतली माणसं जरा बोलायचंय म्हणतात तेव्हा ती जरा कधीच बोलत नाहीत, हा तिचा पाच गावांतल्या शाळांचा अनुभव होता.

ती कामावरच्या बुटांनिशीच गेली. लेक आधीच तिथे बसली होती, एखादी काच फोडल्यासारखा चेहरा करून. बाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. त्यांनी एका दमात सांगून टाकलं की मुलीला सगळीकडे नव्वदच्या वर गुण आहेत, आणि या वर्षी ती पास होत नाहीये.

आईला वाटलं, बाईंची काहीतरी गफलत झाली असणार. पण नाही. गफलत झाली होती ती सगळ्यांनी मिळून, आणि सगळ्यांनी अगदी चांगल्या हेतूने. आईचं काम पुलांचं. एक पूल उभा राहिला की क्रेन निघाली पुढच्या गावाला, आणि तिच्यामागे बिऱ्हाड काखोटीला मारून या दोघी. लेक नव्या शाळेत गेली की तिथले शिक्षक म्हणायचे, आधी काय शिकलीस कोण जाणे, आपण आपलं पहिल्यापासून सुरू करू. असं करत करत लेकीचा जीवशास्त्राचा भाग एक चार वेळा झाला होता. भाग दोन सुरू व्हायच्या आत पूल पुरा व्हायचा. आईचे सगळे पूल पूर्ण होते आणि लेकीचे सगळे विषय अर्धे.

शाळा पुरी करायला ठरावीक क्रेडिटं जमवावी लागत, आणि नियम असा होता की एका विषयाचं क्रेडिट एकदाच. चारदा बसा नाहीतर चाळीसदा बसा, मिळणार एकच. शिवाय एका तरी शास्त्राचे दोन्ही भाग झालेले हवेत. थोडक्यात, लेकीला दोन क्रेडिटं कमी पडत होती. जनावरांच्या डॉक्टरकीच्या कॉलेजने तिला जागा दिली होती, पण याच वर्षी शाळा पुरी केली तर.

बाई नियमाच्या पक्क्या, तरी मनाने वाईट नव्हत्या. त्यांनी रात्र रात्र बसून म्हणे वाट काढून ठेवली होती. शेवटच्या सत्रात सकाळी भाग दोन घ्यायचा. दुपारी जीवशास्त्राच्या सरांच्या हाताखाली भाग एकच्या वर्गाला मदत करायची; अशा मदतीलाही या शाळेत एक क्रेडिट असे. चार वेळा शिकलेलं निदान एकदा तरी उपयोगी पडू दे, असं बाई म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. फक्त सत्र पुरं करावं लागेल. मधेच शाळा सोडली तर दोन्ही क्रेडिटं गेली.

इथेच घोडं पेंड खात होतं. क्रेन पंधरवड्यात हलायची होती, आणि यावेळी साधासुधा पूल नव्हता. दोन डोंगरांमधला, ढगांशी गप्पा मारणारा पूल. अशा पुलासाठी आईने कंपनीतल्या साहेबांचं डोकं वर्षानुवर्षं खाल्लं होतं. दारातून बाहेर पडताना लेक म्हणाली की जाऊ दे, पुढच्या गावात बघू. हे तिने इतक्या सवयीने म्हटलं की आईला स्वतःचीच लाज वाटली. संध्याकाळी तिने साहेबांना फोन करून नाही म्हणून सांगितलं. साहेबांनी डोक्याला हात लावला असावा, कारण पलीकडे फोन कशावर तरी आपटल्याचा आवाज आला. मग त्यांनी तिला गावातच गोदामाच्या आवारात पाइप उचलायचं काम दिलं. तिथली क्रेन एवढीशी होती की आईच्या म्हणण्याप्रमाणे स्टुलावर उभं राहिलं तरी तेवढं दिसलं असतं.

सत्र सुरू झालं. दुपारच्या वर्गात लेकीची नुसती चैन होती. कांद्याचा पापुद्रा सोलून काचेवर ठेवणं हा तिच्या हातचा मळ. सर चष्मा शोधत असायचे तेवढ्यात ती अर्ध्या वर्गाला सूक्ष्मदर्शकातून पेशी दाखवून मोकळी व्हायची. धाकटी पोरं तिला 'छोट्या बाई' म्हणायला लागली, आणि ती घरी येऊन त्यांच्या नकला करून आईला हसवायची.

सकाळच्या वर्गाबद्दल मात्र ती मूग गिळून बसायची. पहिल्या चाचणीचा पेपर तिने आईला दाखवलाच नाही. आईने एक दिवस गोदामातून आल्यावर सरळ विचारलं, तेव्हा तिने तो आणून टेबलावर ठेवला. शंभरपैकी एकतीस.

"मी हुशार नव्हतेच गं आई," ती म्हणाली. "मी नुसती सराईत होते."

आईला हसू आलं आणि रडूही आलं. तिने दोन्ही होऊ दिलं. लेकीचा हात धरून ती म्हणाली, "चुकलं माझं. तुझे नव्वद बघून मला वाटायचं, पोरीचं छान चाललंय, माझ्या हिंडण्याने काही बिघडत नाही. मला ते सोयीचं होतं." मग तिने नाक पुसलं. "पण आता इथून कुणी हलत नाहीये. राणीसरकार, येत नसेल तर विचारायचं कुणाला तरी."

लेकीने मान हलवली, पण खरी अडचण तीच होती. तिला विचारता येत नव्हतं. वर्षानुवर्षं वर्गात बसून तिने फक्त उत्तरं दिली होती. प्रश्नासाठी हात वर करायचा म्हटलं की तिची पाचावर धारण बसायची; वाटायचं, सगळा वर्ग वळून बघेल.

ते तिला शिकवलं दुपारच्या पोरांनी. त्यांतला एक पठ्ठ्या दर दोन मिनिटांनी हात वर करायचा. कळलं नाही, परत सांगा. अजून नाही कळलं. यात आपलं काही कमी होतंय असं त्याच्या गावीही नव्हतं. लेक त्याला न कंटाळता सांगायची, आणि एका दुपारी सांगता सांगता तिच्या लक्षात आलं की आपल्याला त्याचा राग येत नाहीये, उलट तोच सगळ्यांत आवडतोय. दुसऱ्या दिवशी सकाळी सर मज्जातंतूंबद्दल बोलत असताना तिने हात वर केला आणि म्हणाली, कळलं नाही. वर्ग वळला वगैरे काही नाही. उलट मागून कुणीतरी म्हणालं, बरं झालं, मलाही नाही कळलं.

त्यानंतर मात्र तिने सरांच्या नाकी नऊ आणले. सर चष्मा विसरायचे, पण ही पोरगी दारात दिसली की खडू हातात घ्यायचे. घरी ती आईला धडे समजावायची, आणि आई गोदामात पाइप उचलताना हाताखालच्या माणसांना मेंदूकडून हाताला निरोप कसा जातो ते सांगायची. ती माणसं म्हणायची, मेंदूचं राहू द्या ताई, आधी पाइप खाली घ्या.

निकालाच्या दिवशी बाईंनी दोघींना खोलीत बोलावलं. पास व्हायला पन्नास लागत होते. लेकीला त्रेपन्न मिळाले होते. दोन्ही क्रेडिटं जमा झाली, शाळा पुरी झाली, कॉलेजची जागा पक्की. आईचा जीव भांड्यात पडला. तिने लेकीला मिठी मारली, मग बाईंनाही मारली, आणि बाईंच्या पांढऱ्या ब्लाउजला ग्रीसचा डाग पडला.

बाई डाग झाकत खुर्चीत बसल्या. त्यांना एक गोष्ट खटकत होती.

"एवढी चांगली मुलगी," त्या म्हणाल्या, "आणि सगळ्या नव्वदांच्या मधे हे त्रेपन्न. बरं दिसत नाही. नियमात सोय आहे हो. सुट्टीतल्या वर्गात हाच विषय परत घेतला, तर दोन्हींतले जास्तीचे गुण धरतात."

मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं.

"नको," दोघी एकदमच म्हणाल्या.

बाईंना वाटलं, आपण नीट समजावलं नाही. त्या पुन्हा सुरू करणार, तेवढ्यात लेक उठली.

"नको बाई, खरंच," ती म्हणाली. "यातलं काहीच मला आधी येत नव्हतं. त्रेपन्नच्या त्रेपन्न इथे शिकले. राहू देत तसेच."